जी. ई. रोडवरचा वसंत

नागपूरहून पूर्वेला निघालेला रस्ता भंडारा, राजनांदगाव, दुर्ग मागे टाकत भिलाईत शिरतो आणि तसाच पुढे रायपूरला जातो. सरकारी कागदावर तो राष्ट्रीय महामार्ग 53. भिलाईकरांच्या तोंडी मात्र अजूनही जी. ई. रोड, म्हणजे ब्रिटिश अमदानीतला ग्रेट ईस्टर्न रोड. माघ सरून फाल्गुन लागला की शहराबाहेर पळस फुललेला दिसतो. छत्तीसगडचा वारसा गाडीने पाहायचा तर हेच दिवस; चैत्र संपता संपता ऊन सोसवेनासं होतं.

भिलाई म्हणजे पोलाद, आणि पोलाद म्हणजे कालपरवाचं, असं अनेकांना वाटतं. 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. करार झाला तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. पण त्याच 1955 साली नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींचा कलचुरी-चेदी संवतातल्या शिलालेखांचा ग्रंथ दोन भागांत बाहेर आला. या रस्त्यावरचे दगड कुणी बोलते केले असतील, तर ते मिराशींसारख्यांनी.

पहिला थांबा भिलाईतच आहे. भिलाई-3 आणि चरोद्याच्या बाजूला देवबलोद्याचं शिवमंदिर उभं आहे. ते कलचुरी राजांच्या काळातलं, साधारण तेराव्या शतकातलं मानलं जातं. आज त्याला शिखर नाही. भिंतींवर देव आहेत, तसेच हत्ती, नर्तकी आणि शिकारीची दृश्यंही आहेत. महाशिवरात्रीला इथे जत्रा भरते आणि कारखान्यातली माणसं मुलाबाळांसह लोटतात. रायपूरच्या घाईत असलेले प्रवासी मात्र मंदिराचा फाटा मागे टाकून निघून जातात, याचं वाईट वाटतं.

रायपूरपासून पंचेचाळीसेक किलोमीटरवर राजीम. महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा हा संगम. माघ पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत इथे मेळा असतो आणि उघड्या पडलेल्या वाळूतून लोक पात्रातल्या कुलेश्वर महादेवाकडे चालत जातात. काठावरच्या राजीवलोचन मंदिरात रतनपूरच्या कलचुरींचा सामंत जगपाल याचा शिलालेख आहे. त्यावरचं साल आहे कलचुरी संवत 896. त्यात 248-49 मिळवले की इसवी सन 1145 येतं. ही वजाबाकी-बेरीज बसवायला विद्वानांच्या पिढ्या लागल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवून गेलेल्या कीलहॉर्न यांनी गणित मांडलं, मिराशींनी ते पुन्हा तपासलं आणि हा संवत आभीर राजा ईश्वरसेनाने सुरू केला असं मत मांडलं. या ईश्वरसेनाचा लेख नाशिकच्या लेण्यांत आहे. मिराशींचं म्हणणं धरलं, तर गोदावरीकाठी सुरू झालेली कालगणना नऊ शतकांनी महानदीच्या काठावर वापरात होती.

मराठी फौजा या मुलखात आल्या त्या त्यानंतर सहा शतकांनी. 1741 मध्ये रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर रतनपुरावर आले आणि कलचुरींचं राज्य संपलं. 1758 पासून 1787 पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहत होते. तिथल्या टेकडीवर त्यांनी राममंदिर बांधलं आणि टेकडीला नाव पडलं रामटेकरी. नागपूरकराला रामटेक आठवल्याशिवाय राहत नाही. पुढे सुभेदारांचा अंमल आला, वसुली मुख्य झाली. 1818 नंतर ब्रिटिश अधिकारी कर्नल ॲग्न्यू यांनी कारभाराचं ठाणं रायपूरला हलवलं, 1854 मध्ये भोसल्यांचं राज्यच खालसा झालं. मराठी माणसाने इथे सत्ता गाजवली त्यापेक्षा इथले लेख वाचले आणि माती उकरली, हे काम मोलाचं आहे.

सिरपूर त्याची साक्ष देतं. महानदीकाठचं हे प्राचीन श्रीपूर, दक्षिण कोसलाची राजधानी. 1950 च्या दशकाच्या मध्यात मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी इथे उत्खनन केलं आणि भिक्षू आनंदप्रभाचा विहार उजेडात आणला. या शतकात अरुणकुमार शर्मांनी सुरंग टीला नावाचं मंदिर मोकळं केलं. पण पाय खिळतात ते लक्ष्मण मंदिरापाशी. सातव्या शतकातलं हे विटांचं मंदिर. विटा रचून त्यांच्यावरच गवाक्षं कोरलेली, दगडी द्वारपट्टीवर शेषशायी विष्णू. राजा हर्षगुप्ताच्या मागे त्याची राणी वासटा हिने, मुलगा महाशिवगुप्त बालार्जुन राज्य करत असताना, ते उभारलं.

तिची प्रशस्ती मंदिरात नाही, रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात आहे. मंदिरासाठी गावं दान देताना त्यात ब्राह्मणांना अट घातली आहे: हा वाटा पुढे मुलानातवांकडे जाईल, पण ते विद्वान असावेत, जुगारी किंवा बाहेरख्याली नसावेत; तसा कुणी निघाला तर त्याच्या जागी दुसरा नेमावा. विधवा राणीची ही व्यवहारी नजर दगडातून अजून जाणवते. म्हणून भिलाईहून निघणाऱ्याने क्रम थोडा बदलावा. आधी रायपूरला उतरून संग्रहालयात हा लेख पाहावा आणि मग सिरपूरची वाट धरावी.