साडीतली मरियामाता, काट्यांचा ख्रिस्त

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतल्यानंतर तिथे इगर्जी उभ्या राहू लागल्या आणि त्यांना मूर्ती, वेद्या, चित्रे लागू लागली. जहाजांतून येणारा माल पुरेसा नव्हता. सुतार, हस्तिदंत कोरणारे, रंगकाम करणारे स्थानिक कारागीर कामाला लावले गेले आणि त्यांतले बरेच हिंदू होते. हे धर्माधिकाऱ्यांना खटकले. 1540 च्या दशकात पोर्तुगालच्या राजाने हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती प्रतिमा करू नयेत असा हुकूम काढला. पण गरज होती, हातही तेच होते, त्यामुळे हुकूम कागदावर आणि काम कार्यशाळेत अशी स्थिती बराच काळ राहिली. जुन्या गोव्यातील ख्रिस्ती कला संग्रहालयात त्या काळातल्या वस्तू पाहायला मिळतात. विषय युरोपातला, हात इथला.

तरीही नमुना मात्र युरोपीयच राहिला. मरियामाता गोरी, निळ्या झग्यातली, ख्रिस्त सोनेरी किंवा तांबूस केसांचा, ही रूपे पुढे घरोघरच्या वेदीवर इतकी रुजली की तीच धर्माची मूळ रूपे वाटू लागली. विसाव्या शतकातील गोमंतकीय चित्रकारांपुढचा पेच इथून सुरू होतो.

1902 साली सांतो इस्तेव्ह येथे जन्मलेले आंजेलो दा फोन्सेका आधी वैद्यकशास्त्राकडे वळले होते. ते सोडून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथले पाश्चात्त्य वळणाचे शिक्षण त्यांना रुचले नाही आणि त्यांनी बंगालची वाट धरली. अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बसू यांच्या सहवासात त्यांनी पातळ जलरंगांचे थर धूत धूत चढवण्याचे तंत्र आत्मसात केले. हे तंत्र तिथे पुराणकथा आणि मुघल प्रसंगांसाठी वापरले जाई. फोन्सेका यांनी ते बायबलकडे वळवले. त्यांची मरियामाता साडी नेसलेली, गव्हाळ वर्णाची होती. तिच्या भोवतालचे घर, झाडे, बसण्याची ढब, सारे भारतीय होते.

1930 च्या दशकाच्या आरंभी ते गोव्यात परतले, तेव्हा ही चित्रे तिथल्या कॅथलिक समाजाला रुचली नाहीत. आक्षेप कलेवर नव्हता, देवमातेच्या वेशावर होता. साडी हा त्या काळच्या अनेक गोमंतकीय ख्रिस्ती घरांत परक्या धर्माचा पोशाख समजला जाई. फोन्सेका गोवा सोडून पुण्याला गेले आणि शिवाजीनगरमधील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहू लागले. हा आश्रम अँग्लिकन परंपरेतला, चित्रकार निष्ठावंत कॅथलिक. स्वतःच्या पंथाने न दिलेला आसरा त्यांना दुसऱ्या पंथाने दिला.

पुणे हे ठिकाण योगायोगाचे असले तरी सोयीचे होते. आश्रमाचे संस्थापक जॅक विन्स्लो यांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र लिहिले होते आणि टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंग-कीर्तनात आणली होती. मराठी प्रोटेस्टंटांच्या उपासनेत एतद्देशीय छंद आणि चाली स्थिरावल्या होत्या. कानाला जे मान्य झाले ते डोळ्याला मान्य व्हायला मात्र फार वेळ लागला. प्रतिमेची भक्ती करणाऱ्या पंथात ही अडचण अधिकच, कारण तिथे चित्र हे केवळ सजावटीचे नसते. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातील इतिहासकार फादर हेन्री हेरास यांच्यासारखे थोडे पाठीराखे फोन्सेकांना लाभले, पण गावच्या इगर्जीने त्यांना आपले म्हटले नाही. शेवटपर्यंत ते पुण्यातच काम करत राहिले.

आंजेला त्रिंदाद (1909–1980) याही याच वाटेवर होत्या. वडील आंतोनियो झेवियर त्रिंदाद हे जे. जे. मधले शिक्षक आणि युरोपीय पद्धतीचे कसलेले व्यक्तिचित्रकार. मुलीने ख्रिस्ती विषयांना भारतीय वेश दिला आणि पुढे त्रिकोणांच्या रचनेतून स्वतःची शैली शोधली.

फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची गोष्ट वेगळी. जन्म 1924, साळगाव. लहानपणी देवीच्या आजारातून वाचल्यावर आईने संत फ्रान्सिस झेवियरच्या नावाने मुलाचे नाव फ्रान्सिस ठेवले, म्हणजे नावापासूनच नवस मागे लागलेला. 1945 मध्ये ‘छोडो भारत’ चळवळीतील सहभागामुळे जे. जे. मधून त्यांची हकालपट्टी झाली. 1947 मध्ये त्यांनी रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभारला आणि 1949 मध्ये ते लंडनला गेले. बालपणीच्या इगर्जीतला भव्य पोशाख, मूर्तींचा थाट, पापाचे भय, यांविषयी त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. श्रद्धा त्यांनी सोडली, पण ती दृश्ये त्यांना सोडेनात.

1959 मधले त्यांचे ‘क्रूसिफिक्शन’ आता लंडनच्या टेट संग्रहात आहे. जाड काळ्या रेषा, काट्यांसारखी टोकदार अंगे, भेदरलेले आणि भेदरवणारे डोळे. इथे ख्रिस्त सांत्वन करत नाही. या चित्रात भारतीय वेश नाही, भारतीय निसर्गही नाही. त्यामागे आहे तो मध्ययुगीन युरोपीय भित्तिचित्रांचा आणि वेदीवरल्या चित्रांचा वारसा, पिकासोच्या तोडमोडीतून आलेला.

या दोघांची तुलना केली की एक उलटापालट दिसते. श्रद्धाळू फोन्सेका यांनी चर्चने ठरवलेले रूप बदलले, तर बंडखोर सूझा यांनी त्याच रूपाशी आयुष्यभर झुंज घेतली, म्हणजे ते राखलेच. आधुनिक चित्रकार धर्मापासून दूर गेला, हे नेहमीचे विधान इथे अपुरे पडते. रूपाशी फारकत आणि श्रद्धेशी फारकत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फोन्सेका यांच्या वाट्याला आलेली हेटाळणी काही काळाने निराधार ठरली. 1962 ते 1965 या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत स्थानिक भाषा आणि संस्कृतींना जागा दिली आणि साडीतली मरियामाता आक्षेपार्ह उरली नाही. फोन्सेका 1967 मध्ये पुण्यात वारले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह नंतर पत्नीने पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चला दिला. त्रिंदाद पितापुत्रींची चित्रे पणजीत फुंदासांव ओरिएंतकडे आहेत. सूझा 2002 मध्ये मुंबईत वारले आणि त्यानंतर त्यांच्या चित्रांच्या किमती लिलावांत वर्षानुवर्षे चढत गेल्या. फोन्सेका यांचे नाव मात्र त्या बाजारात क्वचितच ऐकू येते.