मालीपाटील

आमचे आडनाव मालीपाटील. भालकीत ते सांगितले की कुणी पुढे काही विचारत नाही. थोरल्या बहिणीच्या लग्नाची बोलणी उदगीरला चालली होती, तेव्हा मात्र मुलाकडच्या एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी अडकित्ता खाली ठेवून विचारले, "म्हणजे तुम्ही माळी का?" वडील नुसते हसले. परतताना बसमध्ये गप्प होते. माळी असण्यात कमीपणा कसला? पण आपले नावच आपल्याला उलगडून सांगता आले नाही, हे त्यांना लागले असावे.

हा 'माली' बागेतला नव्हे. माल म्हणजे जमीनमहसूल; शब्द अरबी-फारसीतून दरबारी भाषेत आला. निजामाच्या राज्यात गावाला दोन पाटील असत. मालीपाटील सारा वसूल करी, पोलीसपाटील बंदोबस्त पाही आणि गुन्ह्यांची वर्दी देई. दप्तर पटवाऱ्याचे. आमच्या गावी ही कामे दोन सख्ख्या भावांकडे होती, म्हणून आज भावकी एक, सुतक एक, आडनावे मात्र दोन!

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य फुटले. बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. आम्ही म्हैसूरकडे आलो. इकडे १९६१ च्या कायद्याने वंशपरंपरेची गावकामगारी मोडली आणि १९६३ पासून ती संपली. तिकडे १९६७ च्या कायद्याने पोलीसपाटील हे नेमणुकीचे पद म्हणून राहिले. त्यामुळे माझा पोलीसपाटील चुलतभाऊ लातूरला गेला की लोक विचारतात, "कोणत्या गावचे?" तो बिचारा म्हणतो, "कोणत्याच नाही."

नुसते 'पाटील' किती सोपे! गुलबर्गा जिल्ह्यातल्या चिंचोळीचे वीरेंद्र पाटील दोनदा कर्नाटकाचे मुख्यमंत्री झाले, आणि जुन्या बिदर जिल्ह्यातल्या निलंग्याचे शिवाजीराव पाटील १९८५ मध्ये महाराष्ट्राचे. एकाची भाषा कन्नड, दुसऱ्याची मराठी. आडनाव दोन्हीकडे चालले.

माझ्या धाकट्यानेही पुण्यात 'माली' गाळून टाकले आहे. मी काही बोललो नाही. आजोबांच्या सहीची साऱ्याची एक उर्दू पावती माझ्या पेटीत आहे. तिच्यावर त्यांच्या नावापुढे काय लिहिले आहे, ते वाचून घ्यायला मला बिदरच्या एका निवृत्त उर्दू मास्तरांकडे जावे लागले.