झाडांचा डॉक्टर आपल्याकडं काऊन नाही?

पाऊस तोंडावर आला की आपल्या गावागावांत कुऱ्हाडी निघतात. तारांना लागते म्हणून, दुकानाची पाटी दिसत नाही म्हणून, पाखरं घाण करतात म्हणून. कडुनिंबाचा शेंडा उडवला जातो, खाली ट्रॅक्टर लागतो, अर्ध्या तासात काम फत्ते. वर चढलेल्या गड्याच्या कमरेला दोर नसतो, डोक्यावर टोपडं नसतं, पायात चप्पलही नसते. यंदा असंच एक काम बघत उभा होतो आणि डोक्यात आलं, आपल्या दोन जिल्ह्यांचं पोट पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर चाललं. कूप, कटाई, डेपो, लिलाव, रवाना, टीपी, सगळे शब्द लहान पोरालाही येतात. पण आजारी झाडावर इलाज करणाऱ्या माणसाला आपल्याकडं शब्दच नाही.

इंग्रजीत त्याला ट्री सर्जन म्हणतात. इंग्लंड-अमेरिकेत हा रीतसर धंदा आहे, शिक्षण घेऊन करायचा. जपानात तर १९९१ पासून झाडांच्या डॉक्टरांसाठी परीक्षा आणि प्रमाणपत्र आहे. हा धंदा उभा कसा राहिला, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण तिचा एक धागा हिंदुस्थानच्या जंगलातून जातो.

जॉन डेव्ही. जन्म १८४६, इंग्लंडातल्या सॉमरसेट परगण्यात, शेतीवर राबणाऱ्या घरात. विशीपर्यंत याला लिहिता-वाचता येत नव्हतं. मग बागकामाची उमेदवारी केली, तिथंच अक्षरं शिकला. १८७३ साली देश सोडून अमेरिकेत ओहायो राज्यात गेला. परक्या मुलखात आधी एका शाळेत झाडलोट केली. पुढं १८८० च्या सुमारास केंट नावाच्या छोट्या गावात स्मशानभूमी सांभाळायचं काम मिळालं. बघा, सुरुवात कुठून झाली! त्या उजाड जागेत त्यानं झाडं जगवली, मोडलेल्या फांद्या नीट कापल्या, सडलेल्या ढोल्या कोरून साफ केल्या. लोक स्मशान बघायला येऊ लागले.

डेव्हीचा राग होता तो झाडांची खाटिकगिरी करणाऱ्यांवर. तारा ओढणारे लोक रस्त्याकडची झाडं कशीही तोडत. (सव्वाशे वर्षांपूर्वीचं ओहायो म्हणतोय मी, चंद्रपूर नाही.) १९०१ मध्ये त्यानं ‘द ट्री डॉक्टर’ हे पुस्तक स्वतःच काढलं, चुकीच्या छाटणीचे फोटो लावून. १९०९ मध्ये कंपनी रीतसर नोंदली आणि त्याच वर्षी कामगारांना शिकवायला शाळाही काढली. माझ्या मते त्याचं खरं मोठेपण या शाळेत आहे. झाडावर चढणाऱ्या मजुराला वनस्पतिशास्त्र कळलं पाहिजे, हा विचार त्या काळी कोणाच्या डोक्यात होता? १९२३ मध्ये तो वारला. मुलगा मार्टिन पुढं ओहायोचा गव्हर्नर झाला. कंपनी आजही चालू आहे आणि १९७९ पासून तिची मालकी कामगारांकडंच आहे.

आता आपल्याकडं या. डेव्ही दहा वर्षांचा होता तेव्हा, १८५६ मध्ये, बॉन शहरातला एक जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ इंग्रजांच्या नोकरीत ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागवानी जंगलावर रुजू झाला. डीट्रिश ब्रँडिस. १८६४ मध्ये तो हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला महानिरीक्षक झाला. आज वनरक्षक, वनपाल, आरएफओ अशी जी उतरंड आपण बघतो, तिची मुळं तिथं आहेत. ब्रँडिसनं झाडं मोजायला शिकवलं. किती घेराची किती, दरसाल किती काढली तर जंगल टिकेल, हा हिशोब. तोवर रेल्वेच्या स्लीपरांसाठी आणि जहाजांसाठी बेबंद तोड चालली होती, तिला आळा बसला हे मानायलाच हवं. पण १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी जंगल सरकारचं झालं आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माणूस गुन्हेगार ठरू लागला, हेही तितकंच खरं. मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळायला २००९ उजाडलं.

त्या हिशोबात एकेका झाडाच्या दुखण्याला जागा नव्हती. जंगलात एक झाड सडलं तर ते काढायचं, दुसरं लावायचं. आलापल्लीचं सागवान, कमलापूरचे लाकूड ओढणारे हत्ती, बल्लारशाचा डेपो, सगळी व्यवस्था लाकडासाठी उभी राहिली. मी त्या डेपोतल्या लिलावांच्या बातम्या दिल्यात. आपल्या सागाचा अभिमान मलाही आहे. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी इथून लाकूड निघालं तेव्हा केवढी मिरवणूक निघाली होती! चंद्रपुरात वन अकादमी आहे, चिचपल्लीला बांबूचं प्रशिक्षण केंद्र आहे. पण गावातल्या शंभर वर्षांच्या पिंपळाच्या बुंध्यात ढोली पडली तर बोलवायचं कोणाला? आरामशीनवाल्याला?

ब्रँडिस निवृत्त होऊन बॉनला परतला. तिथं त्याच्याकडं एक अमेरिकन तरुण वनशास्त्राची दिशा विचारायला आला, गिफर्ड पिंचो. हाच पिंचो १९०५ मध्ये अमेरिकेच्या वनखात्याचा पहिला प्रमुख झाला. पुढं त्याच खात्यातल्या ॲलेक्स शायगो या शास्त्रज्ञानं हजारो खोडं उभी चिरून बघितली आणि १९७० च्या दशकात डेव्हीच्या काळापासून चालत आलेल्या काही समजुती मोडीत काढल्या.

डेव्हीची माणसं ढोली साफ करून सिमेंट भरत, दात भरतात तसं. शायगोनं दाखवलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड सडलेल्या भागाभोवती भिंत घालतं आणि त्याच्या बाहेरून नवं लाकूड वाढवतं. ढोली कोरताना तीच भिंत फुटली तर सड आत पसरते. जखमेवर रंग, डांबर फासूनही फायदा नाही. फांदी खोडाला मिळते तिथं एक फुगीर गादी असते, तिच्या आत कापायचं नाही आणि खुंटही लांब ठेवायचा नाही. मोठी फांदी तीन कापांत उतरवायची: आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून थोडी चीर, मग तिच्या जरा पुढं वरून काप, म्हणजे साल सोलून खाली येत नाही. शेवटी उरलेला खुंट गादीला न दुखवता काढायचा. एवढंच. आणि शेंडा उडवायचा नाही, कारण तिथून फुटणारा काड्यांचा झुपका वरवर चिकटलेला असतो आणि चार-पाच वर्षांनी वावधानात तोच कोणाच्या तरी गाडीवर पडतो.

आपण शायगोच काय, डेव्हीच्याही मागं आहोत बाप्पा. बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक लावतो, खिळे ठोकून क्लासेसच्या पाट्या टांगतो, मुळं तोडून नाली काढतो. मग झाड पडलं की म्हणतो, म्हातारं होतं.

म्हातारं झाड वाचतं याचा दाखला देशातच आहे. कोलकात्याजवळ हावड्याच्या वनस्पती उद्यानातला मोठा वड. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत त्याच्या फांद्या मोडल्या, जखमांतून बुरशी शिरली. १९२५ मध्ये त्याचं सडलेलं मूळ खोडच कापून काढलं. खोडाशिवाय, पारंब्यांवर, तो वड आजही पसरतोच आहे.

कायदा आपल्याकडं कमी नाही. १९७५ च्या नागरी क्षेत्रातल्या वृक्ष संरक्षण कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येतच जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं येतं. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरचं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरवलं आणि ते तोडायचं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायला सांगितली. पण वय ठरवायचं कोणी, झाड खरंच धोकादायक आहे की एक फांदी उतरवून भागेल हे सांगायचं कोणी? उन्हाळ्यात पारा ४७ च्या पुढं जाणाऱ्या शहरात हा निर्णय बहुतेक वेळा ज्याच्या हातात कुऱ्हाड आहे तोच घेतो.

माणसं नाहीत असं नाही. तेंदूच्या हंगामाआधी खुटकटाई करणाऱ्या बाया-माणसांना कुठं कापलं की कोवळं पान फुटतं हे विचारून बघा. मोहाच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, हे त्यांना कोणत्या कायद्यानं शिकवलेलं नाही. यातली कितीतरी पोरं हंगाम संपला की मिरची तोडायला तेलंगणात जातात. त्यांतल्या वीस जणांना दोर, हेल्मेट, हातकरवत आणि तीन महिन्यांचं प्रशिक्षण द्यायला किती खर्च येईल? अकादमी इथंच आहे, झाडं इथंच आहेत. पुढच्या पावसाळ्याआधी नगरपरिषदा छाटणीच्या निविदा काढतील. त्यात ‘प्रशिक्षित कामगार’ ही अट आहे का, ते तुमच्या नगरसेवकाला विचारा आणि काय उत्तर मिळतं ते खाली लिहा. मीही विचारणार आहे.