कोळी चावला म्हणून तीन दिवस नाच

एखादा उपाय केला आणि पेशंट बरा झाला, तर गुण त्या उपायाचाच होता असं म्हणता येतं का? रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात आपण याचं उत्तर दोन ओळींत लिहून मोकळे होतो. पण कोळ्याच्या दंशावरच्या एका घरगुती उपायाबाबत हाच प्रश्न नीट मांडायला युरोपातल्या अभ्यासकांना तीनशेहून जास्त वर्षं लागली.

ही हकिकत इटलीच्या दक्षिण टोकाची, आपुलिया प्रांतातली. भर उन्हाळ्यात, कापणीच्या दिवसांत, शेतावरचं माणूस अचानक कोसळायचं. पोटात पेटके, दरदरून घाम, जिवाची नुसती तगमग. लोक म्हणायचे, तारांतुला चावला. मग घरी वादक बोलवायचे, व्हायोलिन आणि खंजिरीवाले. ते एकेक चाल वाजवून बघत. ज्या चालीवर रुग्णाचे पाय हलायला लागतील तीच धरून ठेवायची आणि थकून पडेपर्यंत त्याला नाचू द्यायचं, कधी कधी तीन-चार दिवस. घामावाटे विष निघून जातं, अशी समजूत होती. आणि माणूस खरंच उठून कामाला लागायचा!

याची दखल घेणारे लोक साधेसुधे नव्हते. मेसान्ये गावचे वैद्य एपिफानियो फेर्दिनांदो यांनी 1621 मध्ये अशा रुग्णांबद्दल लिहिलं. 1641 मध्ये आतानाझिउस किर्खर यांनी तर या उपचाराच्या चाली छापल्या.

आता पुरावा कसा हाताळला गेला ते बघा. 1693 मध्ये नेपल्समध्ये एका डॉक्टरने साक्षीदारांसमोर दोन तारांतुला स्वतःच्या हाताला चाववून घेतले. थोडी सूज आली, बाकी काही नाही. इथे विषय संपायला हवा होता. पण त्याच काळातले नामांकित वैद्य जॉर्जो बाल्यिवी यांचं म्हणणं असं की हा कोळी आपुलियातच विषारी असतो, बाहेर नेला की निरुपद्रवी होतो. ही पळवाट ओळखायला शिका. विरोधात पुरावा आला की हायपोथेसिसला एक नवी अट जोडायची. मग ते कधीच खोटं ठरत नाही.

दुसरी गडबड आरोपी ओळखण्यात झाली. ज्याला तारांतुला म्हणत तो लायकोसा जातीचा मोठा, सहज नजरेत भरणारा कोळी. त्याचा दंश दुखतो, पण गंभीर नसतो. वर सांगितलेली लक्षणं जुळतात ती लॅट्रोडेक्टस या लहान काळ्या कोळ्याशी, अमेरिकेतल्या ब्लॅक विडोच्या नातलगाशी. याच्या अंगावर साधारण तेरा लाल ठिपके असतात. तो चावल्याचं कित्येकदा कळतही नाही. त्रास सुरू होऊन शोधाशोध करेपर्यंत तो गायब, आणि सापडतो तो मोठा लायकोसा! लॅट्रोडेक्टसच्या विषातलं अल्फा-लॅट्रोटॉक्सिन चेतातंतूंच्या टोकांतून न्यूरोट्रान्समीटर भरमसाट बाहेर पडायला लावतं. त्यामुळे स्नायू आखडतात आणि घाम फुटतो. म्हणजे घाम हे विषाचंच लक्षण. लोकांनी तो विष बाहेर पडत असल्याचा पुरावा मानला.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की बहुतेक धडधाकट माणसं या दंशातून काही दिवसांत आपोआप बरी होतात. नाचही तेवढेच दिवस चालायचा. तुलनेसाठी न नाचवलेला गट, म्हणजे आपला कंट्रोल ग्रुप, कुणाकडेच नव्हता. त्यामुळे सगळं श्रेय व्हायोलिनला गेलं.

इथवर आलं की आपल्यासारखे सायन्सवाले 'अंधश्रद्धा' असा शेरा मारून वही मिटतात. पण एक गोष्ट उरतेच. एकदा 'चावलेली' बाई पुढच्या वर्षी त्याच सुमारास पुन्हा आजारी पडायची, पुन्हा नाचायची. असं वर्षानुवर्षं चालायचं. कोणतंही विष दर जूनमध्ये परत येत नाही. 1742 मध्ये नेपल्सचे वैद्य फ्रांचेस्को सेराओ यांनी सांगितलं होतं की याचं मूळ कोळ्यात नसून माणसांत आहे. पण माणसांत म्हणजे नेमकं कशात?

1959 च्या उन्हाळ्यात इतिहासकार एर्नेस्तो दे मार्तीनो मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि संगीताचे अभ्यासक बरोबर घेऊन तिथे गेले. 29 जूनला, संत पॉलच्या सणाला, गालातीना गावच्या चॅपलमध्ये जमणाऱ्या रुग्णांना ते भेटले, त्यांच्या घरी गेले. बहुतेक बायका, गरीब, शेतात राबणाऱ्या. अनेकींचा पहिला 'चावा' वयात येण्याच्या सुमाराचा. आणखी एक गंमत म्हणजे, संताच्या कृपेने गालातीना गावात हा कोळी बाधत नाही अशी श्रद्धा होती. खऱ्या कोळ्याला गावाची वेस कशी कळणार? नार्दोच्या एका तरुणीची कहाणी त्यांनी नोंदवली आहे. वडील लहानपणीच गेलेले. ज्याच्यावर प्रेम होतं त्याच्या घरच्यांनी पैशांवरून लग्नाला नकार दिला, त्यानेही तिला सोडलं. त्यानंतर एका रविवारी ती खिडकीत उभी असताना तिला तारांता चावली.

1961 मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावात 'रिमोर्सो' हा शब्द आहे. इटालियनमध्ये त्याचा अर्थ पश्चात्ताप. फोड केली तर 'पुन्हा चावा'. दे मार्तीनोंनी प्रश्नच बदलला. नाचाने विष उतरतं का, याऐवजी त्यांनी विचारलं की या बाईला नेमका त्रास कशाचा आहे आणि नाचल्यावर काय हलकं होतं. जिला घरात तोंड उघडता येत नव्हतं, तिला वर्षातून एकदा जमिनीवर लोळायची, किंचाळायची मुभा मिळत होती, आणि सगळं गाव ते मान्य करत होतं.

म्हणून प्रपोजल लिहिताना 'बरा झाला' हा शब्द आला की थांबा. कशातून बरा झाला, काहीच केलं नसतं तर काय झालं असतं, आणि काय दिसलं तर मी माझं म्हणणं मागे घेईन, हे तीन प्रश्न कागदावर उतरवा. सरावासाठी आपल्याच भागातला विंचवावरचा एखादा उतारा घेऊन बघा. प्रयोग मात्र वहीतच ठेवा! खरोखर कोळी चावला तर जागा साबणाने धुवा, गार पट्टी ठेवा, चिरा देऊ नका, आणि पेटके किंवा घाम सुरू झाला तर थेट दवाखाना गाठा.