स्वतंत्र व्हिडिओ गेम निर्मिती आणि लोकवर्गणी

मोठ्या प्रकाशन संस्थेच्या भांडवलाविना छोट्या गटाने तयार केलेल्या व्हिडिओ गेमला स्वतंत्र किंवा इंडी गेम म्हणतात. अशा निर्मितीसाठी आंतरजालाद्वारे अनेक लोकांकडून लहान लहान रकमा गोळा करण्याच्या पद्धतीस लोकवर्गणी किंवा क्राउडफंडिंग असे म्हणतात. वर्गणीदारास व्यवसायात भागीदारी मिळत नाही. त्याला गेमची प्रत, चित्रसंग्रह किंवा श्रेयनामावलीत उल्लेख अशी भेट मिळते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात ही कल्पना नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकी एक पैसा या तत्त्वावर चालविलेल्या पैसा फंडास लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिले. त्या निधीतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला.

किकस्टार्टर हे संकेतस्थळ २००९ साली अमेरिकेत सुरू झाले. ठरविलेले उद्दिष्ट मुदतीत पूर्ण झाले तरच त्यावरील रक्कम निर्मात्यास मिळते. अन्यथा वर्गणीदारांकडून काहीच घेतले जात नाही. २०१२ साली डबल फाइन या अमेरिकी संस्थेने ४ लाख डॉलरचे उद्दिष्ट ठेवले असता ८७ हजारांहून अधिक लोकांनी सुमारे ३३ लाख डॉलर दिले. मात्र निधीबरोबर गेमचा आवाकाही वाढला आणि पैसा अपुरा पडला. परिणामी 'ब्रोकन एज' हा गेम २०१४ व २०१५ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध करावा लागला.

अंदाजपत्रक

गेमच्या खर्चातील सर्वांत मोठा भाग म्हणजे काम करणाऱ्यांचा वेळ. उदाहरणादाखल, अलिबाग येथे राहून १८ महिने काम करणारा चार जणांचा गट कल्पिल्यास हिशेब पुढीलप्रमाणे मांडता येतो :

- मानधन (दरमहा प्रत्येकी ४०,००० रुपये) : २८,८०,००० रुपये
- संगणक, जागाभाडे, वीज, संगीत व चाचणी : ५,२०,००० रुपये
- आकस्मिक खर्च (वरील बेरजेच्या १५ टक्के) : ५,१०,००० रुपये
- एकूण : ३९,१०,००० रुपये

जमा रकमेतून संकेतस्थळाचे शुल्कही वजा होते. किकस्टार्टर ५ टक्के घेते, तर पैसे वळते करण्याचा खर्च साधारण ३ ते ५ टक्के असतो. शुल्कासाठी १० आणि भेटींसाठी १० टक्के धरल्यास गटाच्या हाती ८० टक्केच रक्कम उरते. म्हणून उद्दिष्ट ४८,८७,५०० रुपये ठेवावे लागते. एकूण खर्चात नुसती २० टक्के भर घातल्यास १,५६,४०० रुपयांची तूट येते. काम सहा महिने लांबले तर मानधनापोटीच ९,६०,००० रुपये वाढतात. ही वाढ आकस्मिक खर्चाच्या तरतुदीत मावत नाही.

'राजी'चे उदाहरण

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' या गेमसाठी २०१७ च्या अखेरीस किकस्टार्टरवर मोहीम राबविली. असुरांनी पळविलेल्या गोलू या भावाचा शोध घेणारी राजी ही त्याची नायिका आहे. मोहिमेचे उद्दिष्ट पूर्ण झाले नाही आणि नियमानुसार संस्थेस काहीही मिळाले नाही. संस्थापकांनी घर विकून आलेल्या पैशावर काम चालू ठेवले. पुढे सुपर डॉट कॉम ही प्रकाशन संस्था लाभली. गेम १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डो स्विचवर आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर प्रसिद्ध झाला. २०२० च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये त्यास सर्वोत्कृष्ट पदार्पण या गटात नामांकन मिळाले.

मर्यादा

किकस्टार्टरवर मोहीम उघडण्यास पात्र असलेल्या देशांत भारताचा समावेश नसल्याने भारतीय गटास परदेशी भागीदाराचे साहाय्य घ्यावे लागते. मोहीम यशस्वी झाली तरी निर्मितीचा संपूर्ण खर्च तीतून निघतोच असे नाही. अनेकदा ती प्रकाशकास मागणीचा पुरावा दाखविण्याचे साधन ठरते. ती अयशस्वी झाल्यास वर्गणीदाराचे नुकसान होत नाही. तोवर झालेल्या खर्चाचा भार मात्र निर्मात्यावरच पडतो. त्यामुळे उद्दिष्ट न गाठल्यास काम किती महिने चालविता येईल, याचा हिशेब मोहिमेपूर्वीच मांडणे आवश्यक ठरते.