रबरी पैलवान: जपलेला खरा की खेळलेला?

आजचा विषय वाचून काहींना हसू आलं असेल. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आता आम्ही पैलवानांच्या खेळण्यांवर बोलायला उभे! पण रोलां बार्त या फ्रेंच विचारवंताच्या १९५७ मधल्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकातला पहिलाच निबंध व्यावसायिक कुस्तीवर आहे. तेव्हा आपण फार वाट चुकलोय असं नाही.

गोष्ट अमेरिकेची आहे. तिथे कुस्तीचा धंदा प्रदेशाप्रदेशांत वाटलेला होता. १९८२ मध्ये व्हिन्स मॅकमहॉन यांनी वडिलांकडून कंपनी विकत घेतली आणि टीव्हीच्या जोरावर त्या हद्दी मोडल्या. पैलवान घराघरांतलं पात्र झाला. आणि पात्र झालं, की त्याचं खेळणं यायला कितीसा वेळ? १९८४ मध्ये एलजेएन कंपनीने हल्क होगन, रॉडी पायपर, आंद्रे द जायंट बाजारात आणले. सुमारे आठ इंच उंचीचे, भरीव रबराचे. सांधा म्हणून नाहीच. पोरं ते एकमेकांवर आपटायची, बस्स.

१९९० ते १९९४ या काळात हॅस्ब्रोचे छोटे प्लास्टिकचे पैलवान आले. त्यांच्यात स्प्रिंग होती, ज्याचा त्याचा डाव वेगळा. गंमत बघा, २०१७ मध्ये मॅटेलने मुद्दाम त्याच जुन्या धर्तीचे पैलवान नव्याने काढले. म्हणजे गिऱ्हाइकाची आठवण हाच माल झाला.

आता मूळ मुद्दा. रबरावरचा रंग टिकत नाही. नाक, केस, बोटांची पेरं, जिथे आपटलं तिथला रंग आधी जातो. त्यामुळे पुठ्ठ्यावर सीलबंद राहिलेल्या पैलवानाला मोठी किंमत, खेळलेल्याला थोडी. जो खेळणं म्हणून पुरेपूर जगला, तोच बाजारात उणा! काही जण मग उडालेला रंग पुन्हा देतात. इथे आम्हाला नागसेन आणि मिलिंद राजाचा संवाद आठवतो. रथ म्हणजे चाकं? आस? जू? तसंच पैलवान म्हणजे रबर की रंग?

न्यू जर्सीत मुलाकडे राहत असताना शेजारच्या एका संग्राहकाने आम्हाला दोन आंद्रे दाखवले. एक सीलबंद, कपाटात. दुसरा टेबलावर, केसांचा रंग पार गेलेला. आम्ही विचारलं, “याला रंग का देत नाही?” तो म्हणाला, “माझा धाकटा भाऊ याच्याशी खेळायचा. तो आता नाही. रंग दिला तर त्याचे हात पुसले जातील.”

आम्ही गप्प झालो. पाठ्यपुस्तकात ‘अस्सल’ म्हणजे मूळ स्थितीत असलेलं, असं आम्हीच वर्षानुवर्षं शिकवत आलो. पण सीलबंद आंद्रे सांगतो ती फक्त कारखान्याची गोष्ट, १९८० च्या दशकातल्या छपाईची, पुठ्ठ्याची, किमतीची. तीही इतिहासाला हवीच. झिजलेला आंद्रे त्यानंतरचं सांगतो. एका घरात दोन भाऊ होते, हे त्या उडालेल्या रंगावाचून कुठे नोंदलेलं आहे?

म्हणून आमचं मत असं, की झीज हा वस्तूतला दोष नव्हे, तो तिचा दस्तऐवज आहे. बाजार त्याला किंमत देणार नाही, तो बाजाराचा प्रश्न. आपल्या माळ्यावरची जुनी खेळणी रंगवून घेण्याआधी, तेवढं एकदा निरखून बघा.