अरबी कथेची इंग्रजी वाट

ग्रंथाचें मोल आणि त्याची कीर्ति हीं बरोबरीनें चालतातच असें नाहीं. अर्वाचीन अरबी वाङ्मयाचा इंग्रजींतील प्रवास याची साक्ष देतो. डेनिस जॉन्सन-डेव्हिस यांनीं महमूद तैमूर यांच्या कथांचें भाषांतर १९४७ सालींच कैरोंत प्रसिद्ध केलें होतें. तरीहि पुढें कित्येक वर्षें ही वाट अरुंदच राहिली. नजीब महफूझ यांनीं कैरोंतील एका व्यापारी कुटुंबाच्या तीन पिढ्यांची कथा तीन कादंबऱ्यांत सांगितली. त्या १९५६-५७ सालीं अरबींत प्रसिद्ध झाल्या; परंतु इंग्रजींत त्या अवतरल्या त्या १९८८ चें नोबेल पारितोषिक लेखकाला मिळाल्यानंतर. मधल्या तीस वर्षांत ग्रंथ तोच होता. त्याला दुसऱ्या तीरावर नेणारी नाव तेवढी नव्हती.

त्या नावाड्याचा मान मात्र पुढें वाढला. ओमानच्या जोखा अल्-हारिथी यांच्या कादंबरीला २०१९ सालीं मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालें. अरबी ग्रंथाला तें प्रथमच लाभलें. आणि पन्नास हजार पौंडांची रक्कम लेखिका व भाषांतरकार मेरिलिन बूथ यांच्यांत समसमान वाटली गेली. भाषांतर ही दुय्यम चाकरी नव्हे, हें त्या वांटणीनें रोकडें सांगितलें.